पुढे रॅम वाढवता येत नसेल, तर सव्वा लाखाचा लॅपटॉप घ्यावा का?

मुलगी यंदा व्हीटीयू विद्यापीठाच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला जाणार, दुकानदार अ‍ॅपलचा सव्वा लाखाचा लॅपटॉप, म्हणजे मॅकबुक, दाखवतोय आणि त्यात नंतर काहीच वाढवता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी बेळगावात लॅपटॉप दुरुस्त करतो, असली मशीन रोज उघडतो. माझ्या मते पैसे वाया जात नाहीत, पण चार-पाच वर्षांनी लागेल तेवढी रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, आजच घ्यायची तयारी हवी.

रॅम मुख्य बोर्डवर सोल्डर करतात, म्हणजे डाख देऊन पक्की बसवतात, ती निव्वळ लुबाडायला, असं गिऱ्हाईक म्हणतं. ते अर्धंच खरं. एलपीडीडीआर या कमी वीज खाणाऱ्या जातीची रॅम प्रोसेसरला जितकी खेटून बसेल तितका वेग जास्त मिळतो आणि बॅटरी कमी जळते. अ‍ॅपलने २०२० मध्ये एम१ हा स्वतःचा प्रोसेसर आणला तेव्हा ती प्रोसेसरच्या पॅकेजवरच नेऊन बसवली. पावसाळ्यात खानापूरकडे लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही. दिवसभर चार्जरविना चालणाऱ्या लॅपटॉपची किंमत तिथं कळते. लुबाडणूक आहे ती भावात: ८ जीबी रॅम वाढवून घ्यायची तर अ‍ॅपल २०,००० रुपये लावतं!

एसएसडीचं, म्हणजे फोटो-फाइली साठवायच्या ड्राइव्हचं, मात्र मला अजिबात पटत नाही. साध्या लॅपटॉपात ती बोटभर पट्टी असते, एक स्क्रू काढला की हातात येते. मॅकबुक एअरमध्ये तिच्या चिपाही बोर्डवरच. एका बाईंच्या अशाच मशीनवर चहा सांडला होता. उघडलं तर पॉवरच्या चिपेभोवती हिरवं किटण चढलेलं. विंडोजवाला असता तर पट्टी काढून संध्याकाळपर्यंत सगळे फोटो परत दिले असते. इथं आधी बोर्ड जिवंत करायला हवा, आणि तो झालाच नाही. फोटो गेले. तेव्हा असला लॅपटॉप घेणार असाल तर बॅकअपला बाहेरची एसएसडी त्याच बिलात घ्या.

सेलमध्ये ८ जीबीवाला जुना एअर स्वस्त दिसेल, नको. २०२४ च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलनेच एअरची सुरुवात १६ जीबीपासून केली, यातच काय ते आलं.

आणि शाखा मेकॅनिकल असेल तर मॅकचा विचारच सोडा. सॉलिडवर्क्स हे यंत्रांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही, आणि इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत इंटर्नशिपला गेली की बहुधा तेच समोर येणार. तिला रॅमचा स्लॉट मोकळा असलेला, चांगल्या ग्राफिक्सचा विंडोज लॅपटॉप बघा. दुकानात 'अपग्रेड होतं का' असं मोघम विचारू नका, कारण काही मॉडेलांत अर्धी रॅम सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो. रॅमचं वेगळं विचारा, एसएसडीचं वेगळं.

शाखा कुठली ते तुम्ही लिहिलं नाही. कळवा, मग नेमक्या मॉडेलचं बोलू.