प्रार्थनेची उधारी

तिनं पर्समधून शंभर पानी वही काढली आणि टेबलावर माझ्यापुढे सरकवली. नागपुरातला मे, दुपारचे साडेतीन. कूलरच्या घरघरीत तिचं बोलणं ऐकू येईना म्हणून मी तो बंद केला. वहीत तारखा होत्या, तारखांपुढे आकडे, आणि शेवटच्या पानावर लाल शाईत बेरीज: रोझरी २१२ बाकी. रोझरी म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची प्रार्थना.

"बाकी म्हणजे?"

"म्हणायच्या राहिल्या, मॅडम. आज राहिली की उद्या दोन. उद्या राहिल्या की परवा तीन. आता तर जमूनच नाही राहिलं."

तिला मी इथे ताई म्हणते. तिच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीच्या आतबाहेर, धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात नर्स, महिन्यातून दहा-बारा रात्रपाळ्या. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात. दोन मुलं. घरात सासूबाई, दोन वर्षांपासून अर्धांगवायूनं अंथरुणावर. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे सगळं तिनं भराभर सांगून टाकलं, जणू तो विषयच नव्हता. मग खाली बघत म्हणाली, "मी खरंच कॅथलिक आहे, का नुसतं चर्चच्या रजिस्टरमध्ये नाव आहे माझं?"

हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. विश्वास आहे, पण दिवसभरात तो कुठे दिसत नाही. प्रार्थनेला वेळ मिळत नाही, मिळाला तर मन लागत नाही, आणि चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत बसल्यावर गॅस बंद केला का हे आठवतं. प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांचं बरं चाललंय, आपणच मागे पडलोय.

त्या दिवशी मी तिला घाईत एक उत्तर देऊन बसले. म्हटलं, "ताई, तुम्ही सासूबाईंचं करता, पेशंटचं करता, ती सेवा हीच प्रार्थना." तिचे डोळे भरले, पण समाधानानं नव्हे. "सगळे हेच म्हणतात. मग दिवसभर मी प्रार्थनाच करते, तर मला आत इतकं कोरडं का वाटतं? आईंना वळवताना मला देव आठवत नाही, मॅडम. कंबर आठवते."

तिचं बरोबर होतं. काम प्रार्थना होऊ शकतं, पण आपोआप होत नाही. ज्याच्यासाठी करतो त्याच्याकडे दिवसात एकदाही वळून बघितलं नाही, तर उरतात नुसते कष्ट. थकलेल्या माणसाला असलं वाक्य देऊन घरी पाठवणं म्हणजे त्याचं बोलणं मध्येच तोडणं. तेव्हापासून मी ते कुणाला सांगत नाही.

मग आम्ही दोघींनी कागदावर हिशोब मांडला. एका रोझरीत पाच रहस्यं, म्हणजे पाच भाग; प्रत्येकात 'नमो मरिया' ही देवमाता मरियेची प्रार्थना दहा वेळा. सुरुवातीच्या तीन धरून ५३ नमो मरिया, साधारण वीस मिनिटं. २१२ रोझऱ्या म्हणजे सत्तर तासांहून जास्त. ती झोपत होती जेमतेम पाच तास. वहीतली फेड ती स्कूटीवर करायची. मानकापूर चौकातल्या सिग्नलला मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

खरी गाठ दुसऱ्या भेटीत कळली. तिचा थोरला मुलगा सातव्या महिन्यात जन्मला. तो काचेच्या पेटीत असताना हिनं पाळणाघरासारख्या दिसणाऱ्या त्या खोलीबाहेर उभं राहून देवमातेला कबूल केलं होतं: माझा मुलगा वाचू दे, मी मरेपर्यंत रोज रोझरी म्हणेन. मुलगा वाचला. आता तो अकरा वर्षांचा आहे आणि फुटबॉल खेळतो. पण त्याला ताप आला की ही आधी वही उघडायची आणि मग थर्मामीटर शोधायची.

नवस फेडला नाही तर कोप होतो, ही भीती आपल्या मातीत मुरलेली आहे. शेजारणीपाजारणींबरोबर आपणही ती ऐकतच मोठे झालो, कॅथलिक घर असलं म्हणून काय झालं. पण ख्रिस्तसभेचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, नवसाबद्दलचा नियम या भीतीपेक्षा फार वेगळा आहे. तो कुणी आपल्याला सांगत नाही, म्हणून मी ताईंना सविस्तर सांगितला.

देवाला केलेला नवस ख्रिस्तसभा गंभीरपणे घेते. तो समजून-उमजून आणि मोकळ्या मनानं केलेला असावा लागतो. कठीण प्रसंगात तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य नवस ठरतंच असं नाही. ते नवस होतं की मनाचा निश्चय, हे आधी तपासावं लागतं. आणि नवसच असला, तरी १९८३ च्या कॅनन लॉ संहितेनुसार, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार, खासगी नवसातून मोकळं करण्याचा किंवा त्याच्या जागी हलकं काही देण्याचा अधिकार बिशपांना आहे, तसाच आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूलाही आहे. त्यासाठी योग्य कारण लागतं. रात्रपाळी, अंथरुणाला खिळलेली सासू आणि पाच तासांची झोप यापेक्षा योग्य कारण कोणतं?

"म्हणजे फादरांना हे सांगता येतं?" तिनं विचारलं. अकरा वर्षं तिनं प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करताना, दर वेळी 'रोझरी चुकली' एवढंच सांगितलं होतं. नवसाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

रविवारचंही तसंच. ड्यूटीमुळे मिस्सा चुकली की ती तेही पाप म्हणून कबूल करायची. रविवारची मिस्सा बंधनकारक आहेच, पण आजाऱ्याची सेवा किंवा तसंच गंभीर कारण असलं तर ते बंधन त्या वेळेपुरतं राहत नाही. शिवाय शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनंही ते पूर्ण होतं. तिच्या ड्यूटीच्या तक्त्यात महिन्यातले निदान दोन शनिवार मोकळे होते. ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

इथे माझ्या कामाची हद्द संपत होती. नवस सोडवणं समुपदेशकाच्या हातात नाही, तो भार फादरांचा. मी एवढंच म्हटलं, "जे शब्द त्या रात्री तोंडून निघाले, तेच त्यांना सांगा. वही घेऊन जा."

मनाला लागणाऱ्या अशा टोचणीला जुन्या लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ बारीक, टोकदार खडा. चपलेत गेलेला असा खडा चालताना पाऊल टेकू देत नाही. पुढे येशूसंघ (जेझुइट) स्थापणाऱ्या संत इग्नेशियस यांना १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे याच टोचणीनं इतकं घेरलं होतं की तीच तीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करूनही त्यांना चैन पडेना. आणि आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स? पॅरिसमध्ये शिकत असताना, विशीच्या आत, काही आठवडे त्यांची खात्री पटली होती की देवानं आपल्याला टाकलंय. खाणंपिणं सुटलं, अंगातलं बळ गेलं. एका चर्चमध्ये देवमातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी सगळं देवाच्या हवाली केलं, तेव्हा ते ओझं उतरलं. पुढे बिशप झाल्यावर संसारी माणसांना त्यांनी हेच शिकवलं की भक्ती ज्याच्या त्याच्या जीवनाला शोभेल अशी असावी. मठातल्या संन्याशाची प्रार्थना लेकुरवाळीनं अंगावर घेतली तर घर मोडेल. त्यांचं नाव घेतलेले मिशनरी १८४५ मध्ये फ्रान्समधल्या आन्सीहून भारतात निघाले आणि त्यांच्याच कामातून पुढे नागपूरचा धर्मप्रांत उभा राहिला. रविवारी आपण ते नाव दारावर वाचून आत जातो, आणि त्यांनी सांगितलेलं बाहेरच ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कुणाची टोचणी याहून खोल असते. मोजणं थांबतच नाही, हात धुणं किंवा कुलूप तपासणंही सोबत येतं. अशा वेळी मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. त्यात विश्वासाची काही कमी नसते. तो उपचारानं आटोक्यात येणारा आजार आहे. ताईंचं तिथवर गेलं नव्हतं.

फादरांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. त्या रात्री नेमकं काय म्हणाली होतीस, हे दोनदा विचारलं. मग धर्मग्रामाचे प्रमुख म्हणून त्यांनी रोजच्या रोझरीच्या जागी एक रहस्य दिलं, दहा नमो मरिया. मागची सगळी बाकी रद्द. "मी तीनदा विचारलं, मॅडम, सगळी?" ती सांगत होती.

ते एक रहस्य कधी म्हणायचं, यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण वेळ आणि जागा ठरली नाही तर एकसुद्धा राहून जातं. झोपताना संत इग्नेशियसप्रमाणे दिवस आठवून बघायची सवय मी एरवी बहुतेकांना लावते. ताईंना मात्र तीन महिने ते करू नका म्हणून बजावलं. तिच्या हातात त्याचीही वही झाली असती. स्कूटीवर प्रार्थना नाही, हेही ठरलं. शेवटी तिनंच सुचवलं: रात्री नऊला आईंना वळवून झालं की तिथेच, पलंगाच्या कडेला बसून. मोठ्यानं, मराठीत, जशी आई लहानपणापासून म्हणायच्या तशी.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज थरथरत होता. "मॅडम, आई बोलल्या."

पक्षाघातात बोलणं गेलेल्या कित्येकांच्या तोंडून पाठ असलेली प्रार्थना, ओळखीचं गाणं किंवा एक ते दहा आकडे अचानक स्पष्ट येतात. स्वतःचं वाक्य जुळवणं वेगळं आणि जन्मभर घोकलेलं आपसूक ओठांवर येणं वेगळं. ताई स्वतः नर्स, तिला हे ठाऊक होतं, पण घरच्या माणसाबाबत सुचलं नव्हतं. तिनं नमो मरियाचा पहिला भाग म्हटला आणि क्षणभर थांबली. दोन वर्षांत पाणीसुद्धा मागू न शकलेल्या सासूबाईंनी 'हे पवित्र मरिये' म्हणत पुढचा भाग पुरा केला. शब्द जड, पण पुरे. दहाच्या दहा वेळा.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसाळ्यात मुलगा आजारी पडला, तेव्हा तिनं दोन रात्री चोरून पाच-पाच रहस्यं म्हटली आणि मला येऊन सांगितलं. कंबर अजून दुखते. आईंवर चिडते, मग त्यांच्याच पायाशी बसून रडते. मिस्सेत मन भटकतं. वही कपाटात आहे. टाकवत नाही, पण लिहीत नाही.

मागच्या आठवड्यात ती आली होती. रात्रपाळीहून आल्यावर सलग दुसरी संध्याकाळ जागीच काढली होती. "काल सातव्या मण्यावर माझा डोळा लागला," ती म्हणाली. "किती वेळ झोपले कोण जाणे. जाग आली तर माळ आईंच्या डाव्या हातात होती. तोच सातवा मणी त्यांनी चिमटीत धरून ठेवला होता."