चार दिवस माहेरी गेले अन् दूध अर्ध्यावर आलं, चूक माझी का?

आर्वीकडच्या एका ताईंचं पत्र आहे. कोठ्यात तीन गाई, दोन गवळाऊ अन् एक जर्सी. पहाटे चारला उठून शेण काढणं, कोठा झाडणं, ढेप (सरकीची पेंड) भिजवणं, कुटार (वाळलेला भुसा) टाकणं, दोन्ही वेळची धार, सगळं ताईंकडे. मालक, म्हणजे नवरा, कॅन गाडीला लटकवून डेअरीवर जातात, पैसे त्यांच्याच खात्यात. भाचीच्या लग्नाला ताई चार दिवस माहेरी गेल्या, दूध अर्ध्यावर आलं अन् परत आल्यावर बोलणी कोणाला, तर यांनाच.

ताई, चूक तुमची नाही. गाईनं पान्हा चोरला. कास धुतली, वासरू सोडलं की पान्हा सुटतो, पण तो जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो, तेवढ्यात धार उरकावी लागते, आणि अनोळखी हात लागला, वरून आरडाओरडा झाला की गाय घाबरते अन् दूध वरच धरून ठेवते. लग्नाला इतकी वर्षं झाली अन् मालकांचा हात गाईला अनोळखी कसा, हे त्यांनाच विचारा ना!

ढेपेची पोती अन् वावरातला चारा तेच आणतात असं तुम्ही लिहिलंय, ते मी मोजते. पण एक गाय दिवसाला 10 ते 15 किलो शेण टाकते, म्हणजे तीन गाईंचं महिन्याला टनभर तरी झालं, तेही टोपल्यानं, तुमच्या डोक्यावरून उकिरड्यापर्यंत. हे भांडणात नका काढू. डेअरीचं पेमेंट झालं ना, त्या संध्याकाळी चहा देऊन सांगा, खिसा गरम असला की कान उघडे असतात (घरचाच अनुभव आहे).

आणि 'मदत करा' म्हणू नका, मदत केली की उपकार होतात. सरळ म्हणा, संध्याकाळची धार तुमची. आधी पंधरा दिवस त्यांना तुमच्याजवळ बसू द्या, कास धुऊ द्या, गाईला त्यांचा वास-आवाज ओळखीचा होऊ द्या. गाय माजावर आलेली तुमच्याच नजरेला पडते, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची (रेतन करून घ्यायचं) हेही तुम्हालाच माहीत, मग डॉक्टर आल्यावर तुम्ही चुलीपाशी का? कोठ्यात उभ्या राहा अन् तुम्हीच बोला.

सासूबाई म्हणतात गाय म्हणजे लक्ष्मी, तिचं बाईनंच करावं. बरं, मग लक्ष्मीचे पैसे तेवढे मालकांच्या खात्यात कसे? निदान एका गाईचं दूध तुमच्या नावावर घालायला लावा, अन् गाईच्या कानातल्या 12 आकडी बिल्ल्याची नोंद कोणाच्या नावावर आहे तेही बघून घ्या. डेअरीचं सभासदत्व तुमच्या नावावर झालं तर तिथं मतही तुमचं.

पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा आठ दिवस राहा. अन् किती लिटर उतरलं ते मला कळवा, फॅटसकट.