गोराईत घर बांधताना सिप पॅनल वापरावेत का?

मुंबईतल्या गोराईला एकमजली घर बांधताना विटांऐवजी सिप पॅनल, म्हणजे दोन बोर्डांच्या मध्ये थर्माकोल किंवा पफ (पॉलियुरेथेन फोम) चिकटवलेले पॅनल, वापरले तर एसीचे बिल कमी येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, मात्र भिंतींपेक्षा छतामुळे अधिक. एसी लावायचाच नसेल, तर मी हे पॅनल भिंतींसाठी मुळीच सुचवणार नाही. तेव्हा रुंद छज्जे आणि समोरासमोरच्या खिडक्या अधिक उपयोगी पडतात.

या पॅनलची मूळ कल्पना १९३५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत आकाराला आली. तिथल्या हिवाळ्यात घराच्या आतल्या आणि बाहेरच्या तापमानात सहज ३५ अंशांचा फरक पडतो. मुंबईत मे महिन्यात बाहेर ३४ आणि एसीच्या खोलीत २५ धरले, तर तो ९ अंशांचाच राहतो. १०० मिलिमीटर थर्माकोलचे पॅनल नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा पाच-सहा पट कमी उष्णता आत सोडते हे खरे, पण मुळात फरकच थोडा असल्याने बचतही बेताचीच होते. छताचे गणित वेगळे आहे, कारण उन्हात स्लॅब ५० अंशांच्या पुढे तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खोली तापवत राहतो. इको निवास संहितेने, म्हणजे केंद्र सरकारच्या घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीने, छतातून आत येणाऱ्या उष्णतेला जी कमाल मर्यादा घातली आहे, तिच्या जवळपास तिप्पट उष्णता उघडा स्लॅब आत सोडतो. म्हणून पैसे आधी छतावर खर्च करावेत.

खरी काळजी ओलीची घ्यावी लागते. थंड देशांत बाष्प घरातून बाहेर जाऊ पाहते, तर आपल्याकडे पावसाळ्यात एसी चालू असताना ते बाहेरून आत शिरते. त्यामुळे बाष्परोधक थर बाहेरच्या बाजूलाच हवा. एसीच्या तांब्याच्या नळीसाठी पाडलेले भोक सील न केल्याने त्याच्या कडेचा लाकडी चुऱ्याचा बोर्ड एकाच पावसाळ्यात फुगून पापुद्रे सुटलेले मी पाहिले आहेत. वाळवीचाही विचार करता दोन्ही बाजूंना फायबर सिमेंट बोर्डच घ्यावा, सांधे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरून घ्यावेत आणि गोराईची खारी हवा पाहता स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत. थर्माकोल आणि पफ दोन्ही पेट घेतात, म्हणून पॅनलमधली वायरिंग कंड्यूटमधूनच (वायरींसाठीच्या नळीतूनच) न्यावी आणि स्वयंपाकघरात आतून जिप्सम बोर्ड लावल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नये.