'नॉन-इंटरॅक्टिव्ह बिल्ड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: सोर्सपासून सॉफ्टवेअर तयार करताना मधेच प्रॉम्प्ट (उत्तराची वाट पाहणारा प्रश्न) येऊन काम अडू नये, म्हणून बिल्ड, म्हणजे ही तयार करण्याची प्रक्रिया, 'नॉन-इंटरॅक्टिव्ह' लावतात. मराठी मार्गदर्शिकेत त्याला 'असंवादी बिल्ड' म्हणावं, की 'स्वयंचलित' पुरे?

'स्वयंचलित' पुरत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली 'मेक' हे बिल्ड करणारं साधन लिहिलं, तेव्हापासून बिल्ड स्वयंचलितच आहे. कुठली फाइल बदलली, तिच्यावर काय अवलंबून आहे, पुन्हा काय कंपाइल करायचं, हे यंत्रच ठरवतं. तरीही असा बिल्ड निम्म्या वाटेवर थांबून 'हे फीचर हवं का?' असं विचारू शकतो. आपल्याला शब्द हवा आहे तो या विचारण्याच्या अभावासाठी.

'असंवादी' मला पटत नाही. मराठी कानाला 'संवादी' म्हटलं की रागातला वादी-संवादी आठवतो, आणि 'विसंवादी' म्हणजे न जुळणारं. 'असंवादी बिल्ड' ऐकून लायब्ररीच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत, असंच कुणालाही वाटेल.

माझी शिफारस 'विनाविचारणा' या शब्दाची. 'विना' लावून शब्द घडवणं मराठीत आजही सहज चालतं: विनापरवाना, विनाअनुदान, विनातक्रार. एसटीची 'विनाथांबा विनावाहक' गाडी तर सर्वांच्या ओळखीची. तिच्यात वाहक नसतो, म्हणजे तिकीट नसतं असं नव्हे. तिकिटं गाडी सुटण्यापूर्वी स्थानकातच काढून झालेली असतात. विनाविचारणा बिल्डमध्येही प्रश्न नाहीसे होत नाहीत, वाटेत विचारले जात नाहीत इतकंच.

आता या चर्चेतला खरा महत्त्वाचा भाग. 'नॉन-इंटरॅक्टिव्ह' हा शब्द विचारणा नाही एवढंच सांगतो. मग उत्तरं कुणी दिली? मार्गदर्शिका वाचणाऱ्याला नेमकं तेच कळायला हवं, आणि त्यासाठी मराठीत वेगवेगळे वाक्प्रयोग तयार आहेत.

पहिला 'आधी ठरवून'. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्समध्ये (सोर्सपासून सॉफ्टवेअर बांधण्याच्या तयार कृतींमध्ये) पर्यायांच्या चौकटी येतात, आणि एक पोर्ट इतर दहा पोर्ट्सवर अवलंबून असेल तर रात्री बिल्ड लावून झोपलेला माणूस सकाळी तिसऱ्याच चौकटीशी अडलेला पडदा पाहतो. तिथे 'मेक कॉन्फिग-रिकर्सिव्ह' ही आज्ञा दिली की ज्यांच्यावर ते पोर्ट अवलंबून आहे त्या पोर्ट्सचेही पर्याय सुरुवातीलाच विचारून नोंदवले जातात. डेबियन या लिनक्स प्रणालीत 'प्रीसीड' करून उत्तरांची फाइल आधी पुरवता येते. इथे निर्णय माणसाचाच असतो.

दुसरा 'गृहीत धरून'. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेची कॉन्फिगर स्क्रिप्ट प्रश्नांच्या लांबलचक मालिकेसाठी प्रसिद्ध आहे. तिला 'डीईएस' ही तीन अक्षरं दिली की ती डीफॉल्ट (आधीच ठरलेली) उत्तरं धरते, शेवटी न थांबता पुढे जाते आणि मोजकंच बोलते. लिनक्स कर्नलच्या बिल्डमध्ये 'ओल्डकॉन्फिग' ही आज्ञा नव्या पर्यायांविषयी विचारते, 'ओल्डडेफकॉन्फिग' ते न विचारता डीफॉल्टवर ठेवते. दोन आज्ञांमधला फरक मराठीत 'विचारून' आणि 'गृहीत धरून' इतक्या थोडक्यात सांगता येतो. 'गृहीत धरणे' या प्रयोगात जबाबदारीची सूचनाही आहे, आणि ती इथे अगदी योग्य आहे. कंटेनर (सॉफ्टवेअर चालवण्याचं बंदिस्त पॅकेज) तयार करताना डेबियनचा फ्रंटएंड, म्हणजे प्रश्न विचारणारा भाग, 'नॉनइंटरॅक्टिव्ह' ठेवला की टाइमझोनचा प्रश्न येत नाही, पण वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते. आशिया, मग कोलकाता, हे कुणी निवडलेलंच नसतं. मग लॉगमधली घड्याळं साडेपाच तास मागे दिसतात आणि लोक चूक भलतीकडेच शोधत बसतात.

तिसरा प्रयोग मला सर्वांत आवडतो: 'होला हो'. युनिक्समध्ये 'येस' नावाची छोटीशी आज्ञा आहे. थांबवेपर्यंत ती ओळीमागून ओळ 'वाय' छापत राहते. तिचं आउटपुट पाइपने एखाद्या स्क्रिप्टला इनपुट म्हणून जोडलं की पुढचा प्रश्न 'जुनी फाइल पुसू का?' असा असला तरी उत्तर होच. याला 'पूर्वनिर्धारित सकारात्मक प्रतिसाद' म्हणणं म्हणजे अर्थ झाकणं आहे. 'ही स्क्रिप्ट प्रत्येक प्रश्नाला होला हो करते' असं लिहा, वाचणारा आपोआप सावध होईल.

'परस्पर' हा शब्दही सुचेल, आणि तो खरोखर विलक्षण आहे. 'परस्परसंवादी' म्हणजे इंटरॅक्टिव्ह, पण नुसतं 'परस्पर' म्हणजे संबंधितांना न विचारता: 'त्याने परस्पर जमीन विकली.' अर्थ चपखल बसतो, पण त्यात तक्रारीचा सूर आहे. आपण स्वतः पर्याय भरून लावलेल्या बिल्डला तो लावू नये. न सांगता डीफॉल्ट धरणाऱ्या स्क्रिप्टला मात्र जरूर लावावा.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. प्रॉम्प्टपाशी थांबलेला बिल्ड 'फसला' म्हणू नये, तो 'अडला' किंवा 'अडून बसला'. फसलेला बिल्ड एरर देऊन बाहेर पडतो. अडलेला काहीच न सांगता उत्तराची वाट बघतो, म्हणून तो हुडकायला जास्त वेळ जातो.

एका ठिकाणी मात्र कुठलाच 'विना' वापरू नये: परवान्याच्या अटी. काही पोर्ट्स परवाना मान्य करून घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. फ्रीबीएसडीत अशा विचारणाऱ्या पोर्टवर तशी खूण करायची सोय आहे, आणि 'बॅच' ही न विचारता बिल्ड करण्याची सेटिंग चालू असताना खूण असलेली पोर्ट्स वगळली जातात. तिथे मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहावं: 'हा बिल्ड विनाविचारणा चालतो. पर्याय सोबतच्या फाइलमध्ये आधी भरा; न भरलेले डीफॉल्ट गृहीत धरले जातील. परवान्याच्या अटी स्वतः वाचून मान्य कराव्या लागतील.'