फॅशन न शिकता लीना नायर 'शनेल'च्या सीईओ कशा झाल्या?

साबण-शाम्पूच्या कंपनीत एचआर, म्हणजे माणसांची भरती नि देखभाल, पाहणारी बाई पॅरिसच्या फॅशन कंपनीची प्रमुख कशी होते, आणि डिझाइन येत नसताना सांगलीत इंजिनिअरिंग करणाऱ्या तुम्ही या क्षेत्राकडे वळावं का, असं तुम्ही विचारलंय. वळावं. मी स्वतः कारखान्यात एचआर पाहते, म्हणून त्यांच्या वाटचालीकडे माझं बारीक लक्ष असतं.

लीना नायर कोल्हापूरच्या. तुमच्याच सांगलीतल्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झाल्या, मग जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या मॅनेजमेंट कॉलेजातून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या आणि १९९२ साली हिंदुस्तान लिव्हरमध्ये ट्रेनी म्हणून लागल्या. लोक इथून थेट शनेलवर येतात. मला मधलाच काळ मोलाचा वाटतो. सुरुवातीची वर्षं कोलकाता, अंबत्तूर, तळोजा इथल्या कारखान्यांत गेली. काही ठिकाणी बायकांसाठी शौचालयच नव्हतं, त्यांच्यासाठी ते बांधावं लागलं. लोक त्या शौचालयांना 'लीनाज लूज', म्हणजे लीनाची शौचालयं, म्हणायचे, हे लीना यांनीच सांगितलंय.

माझ्या पहिल्या नोकरीत असं कुणी बांधलं नाही. रात्रपाळीला अख्खं आवार ओलांडून ऑफिसच्या इमारतीत जावं लागायचं. पुढे वॉचमन बॅटरी घेऊन, आणि चावी त्याच्याच कमरेला. पाळीत पाणीच प्यायचं नाही, ही सवय मला तेव्हा लागली. चांगलं काम करणारं माणूस कशापायी नोकरी सोडतं, हे मी तिथे शिकले.

२०१६ मध्ये लीना नायर हिंदुस्तान लिव्हरच्या मूळ कंपनीच्या, युनिलिव्हरच्या, जागतिक एचआर प्रमुख झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या महिला, पहिल्या आशियाई. हाताखाली सुमारे दीड लाख माणसं. जानेवारी २०२२ मध्ये शनेलला रुजू झाल्या.

आता शनेलने त्यांनाच का घेतलं? माझं मत सांगते. ही कंपनी शेअर बाजारात नाही, वेर्थायमर भावांच्या घरची आहे, आणि तिची खरी दौलत कारागिरांच्या हातात आहे. १९८५ पासून तिने जुन्या कार्यशाळा एकेक करून विकत घेतल्या: भरतकामाची लेसाज, पिसांची आणि कापडी फुलांची लमारिए. पॅरिसच्या उत्तर टोकाला आता त्यातल्या अनेक एका छताखाली आहेत. चौकटीवर ताणलेलं कापड, त्याच्या उलट्या बाजूने हुकाच्या सुईने एकेक मणी अडकवत जायचं. आपल्याकडच्या आरीकामाचीच बहीण ही. असे हात तयार व्हायला वर्षं लागतात. ते टिकवायचे, त्यांच्या हाताखाली नवे तयार करायचे, हे माणसांचंच काम आहे.

डिझायनर निवडणं हेही तसंच. २०२४ हे वर्ष शनेलला जड गेलं. विक्री १९.७ अब्ज डॉलरवरून १८.७ अब्जांवर आली आणि मुख्य डिझायनर वीर्जिनी वियार जूनमध्ये बाहेर पडल्या. डिसेंबरमध्ये मॅथ्यू ब्लाझी यांचं नाव जाहीर झालं. अशा वेळी प्रमुखाला स्वतः ड्रेस डिझाइन करता येतो का, हे कोण विचारतं? ते काम कुणाच्या हाती द्यायचं, हे कळावं लागतं.

तेव्हा सुट्टीतली इंटर्नशिप मॉलमधल्या ब्रँडच्या ऑफिसात शोधू नका. इचलकरंजीच्या एखाद्या कापड कारखान्यात किंवा कोल्हापुरी चपला बनवणाऱ्यांकडे दोन महिने काढा, आणि फ्रेंचचा क्लास याच वर्षी लावा.