शारजातली शाळा सोडायचीय, पण पाय निघत नाही

“मॅडम, मी राजीनामा दिला तर शाळा माझ्यावर ॲब्सकाँडिंगची, म्हणजे न सांगता पळून गेल्याची, केस टाकेल म्हणतात. दोन महिन्यांचा पगार अडकलाय. बी.एड.चं मूळ प्रमाणपत्र शाळेच्या कपाटात आहे. घरी सांगायची सोय नाही. वाटतं, एखाद्या रात्री बॅग उचलावी आणि मुंबईचं विमान पकडावं. असं केलं तर काय होईल?”

आखातातल्या छोट्या खासगी इंटरनॅशनल शाळांत शिकवणाऱ्या मराठी शिक्षिका हा प्रश्न थोड्याफार फरकाने समुपदेशनात मला नेहमी विचारतात. इथलं प्रकरण शारजातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नियम आणि हिशेबाची रीत तेवढी तशीच ठेवली आहे.

शिक्षिका कोल्हापूरकडच्या, वय पस्तिशीचं, विज्ञान शिकवणाऱ्या. शाळा जेमतेम दोनशे मुलांची, अभ्यासक्रम ब्रिटिश. नवरा आणि मुलगी गावी, घराचा हप्ता दोघांच्या पगारावर. रात्री तीनला जाग यायची ती पुन्हा झोप लागायची नाही. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा, कारण शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी आणि सोमवारी शाळा. तीन दिवस सुट्टी ऐकून गावाकडच्यांना हेवा वाटायचा. प्रत्यक्षात शुक्रवारी ऑनलाइन मीटिंग, शनिवारी वह्या आणि पुढच्या आठवड्याचे लेसन प्लॅन. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तर सुट्टी नसतेच.

पहिल्या भेटीत दोन गोष्टी थेट विचारल्या. जगणं नकोसं वाटतं का? आणि शाळेत कोणी अंगावर आलं का, कुठे डांबून ठेवलं का? दोन्हीचं उत्तर नाही आलं. ‘हो’ आलं असतं तर करार, पगार वगैरे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर किंवा पोलीस, हा क्रम ठरलेला असतो. झोप आणि पोटासाठी तिथल्याच डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. त्याचा एक व्यवहारी फायदाही असतो. प्रोबेशन संपलेलं असेल तर वर्षात ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा मिळते: पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले ४५ बिनपगारी. आजारी असल्याचं तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवावं लागतं आणि वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. बाईंनी वर्षाहून अधिक काळात एकही रजा घेतली नव्हती. कारण काय, तर “मुलांचं नुकसान होईल”. हे वाक्य प्राचार्यांच्या तोंडी रोज असायचं, आणि आपल्याकडचा शिक्षक या वाक्यापुढे लगेच मान तुकवतो. मुलांचं नुकसान टाळायला बदली शिक्षक नेमणं हे शाळेचं काम आहे, हे त्यांना तीन-चारदा सांगावं लागलं.

मग एका कागदावर तीन रकाने आखायला सांगितले: ‘कागदावर आहे’, ‘कोणीतरी सांगितलं’ आणि ‘मला वाटतं’. पहिला रकाना जवळपास कोरा राहिला, दुसरा पान उलटून मागे गेला. ‘व्हिसा रद्द झाला की चोवीस तासांत देश सोडावा लागतो.’ ‘करार मोडला तर दोन पगार दंड.’ ‘लेबरकडे तक्रार केली की आयुष्यभर बंदी.’ सगळ्याचा उगम स्टाफरूम, नाहीतर शाळेच्या ऑफिसातली बाई. भीती खरी असते, पण तिच्यात निदान चार वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते सुटे केल्याशिवाय नुसत्या धीराच्या बोलण्याने रात्रीची झोप येत नाही. पुढच्या दोन भेटी दुसऱ्या रकान्यातली एकेक ओळ खोडण्यात किंवा पहिल्यात नेण्यात गेल्या.

सुरुवात करारापासून. शाळेच्या लेटरहेडवर भारतात आलेलं ऑफर लेटर हा खरा करार नव्हे. युएईच्या (संयुक्त अरब अमिरातींच्या) श्रम मंत्रालयात नोंदलेला करार वेगळा असतो आणि तो मंत्रालयाच्या ॲपवर स्वतःला पाहता येतो. बाईंनी तो कधी उघडलाच नव्हता. लेटरवर नुसतंच ‘४,५०० दिरहम’ होतं. नोंदलेल्या करारात मूळ पगार १,५०० आणि भत्ते ३,०००. हा खेळ छोट्या शाळा सर्रास करतात, कारण नोकरी संपताना द्यायची ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मोजतात. एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. म्हणजे १,५०० भागिले ३० गुणिले २१, वर्षाला १,०५० दिरहम. सोळा महिन्यांचे १,४००. मूळ पगार ३,००० असता तर हेच २,८०० झाले असते. हाती पगार तेवढाच येतो, म्हणून सही करताना कोणाच्या लक्षात येत नाही.

(पदवीधरांच्या पासपोर्टावर सहसा इमिग्रेशन क्लिअरन्सची अट नसते, त्यामुळे त्यांचा करार भारतातून निघताना कोणी तपासत नाही. ज्या सोयीचं आपल्याला कौतुक असतं, तीच इथे नडते. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. युएईचा कायदाही भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करायला मालकाला मनाई करतो. बाईंनी किती मोजले ते इथे लिहीत नाही.)

आता रात्रीचं विमान. २०२१ चा ३३ क्रमांकाचा श्रमकायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं, आणि ते संपल्यावर नोटीस करारात लिहिली असेल तितकी, पण ३० दिवसांपेक्षा कमी नाही आणि ९० पेक्षा जास्त नाही. बाईंच्या करारात ६० दिवस होते. नोटीस न देता गेलं तर उरलेल्या नोटिशीइतका पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो: दोन महिने, ९,००० दिरहम. ऑगस्ट आणि सप्टेंबरचा थकलेला पगार किती? तोही ९,०००. त्या रात्री विमान पकडलं असतं तर शाळेने एका हाताने दुसऱ्या हातातलं वळतं करून घेतलं असतं, वर गैरहजेरीची तक्रारही टाकली असती. हा हिशेब कागदावर मांडल्यावर बॅग उचलायचा विषय पुन्हा निघाला नाही.

ॲब्सकाँडिंगचं म्हणाल तर, सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर आणि मालकाला ठावठिकाणा माहीत नाही, अशा माणसासाठी ती तरतूद आहे. नोटीस देऊन रोज शाळेत जाणारी, हजेरी लावणारी, ईमेलला उत्तर देणारी शिक्षिका त्यात बसत नाही. म्हणून नोटिशीच्या काळात एक दिवसही न कळवता घरी राहायचं नाही. आजारी असाल तर दाखला त्याच दिवशी ईमेलने.

‘दोन पगार दंड’ हे कलम शाळेच्या लेटरवर होतं, नोंदलेल्या करारात नव्हतं. नोटीस पूर्ण केलेल्या माणसाकडून असा दंड घ्यायला कायद्यात आधार नाही. व्हिसा रद्द झाल्यावर राहण्याची मुदत प्रवर्गाप्रमाणे बदलते, पण ती चोवीस तास नसते. रद्द केल्याच्या कागदावर तारीख छापलेली असते, ती वाचावी.

कामाच्या तासांची तक्रार मात्र वाटते तितकी पक्की नसते, आणि इथे बऱ्याच शिक्षिकांची निराशा होते. बाईंकडून तीन आठवडे साध्या वहीत नोंद ठेवून घेतली: आल्याची वेळ, गेल्याची वेळ, स्वतःचे तास, कव्हरचे तास, डबा कधी खाल्ला. आठवड्याला चाळीस मिनिटांचे २८ तास स्वतःचे. त्यावर पाच-सहा कव्हर, कारण छोट्या शाळेत बदली शिक्षक नसतो. कोणी आजारी पडलं की त्याचा वर्ग ज्याचा तास मोकळा त्याच्या गळ्यात. शिवाय बस ड्यूटी. सात ते साडेतीन, आठवड्याचे चार दिवस, म्हणजे शाळेतले ३४ तास. कायद्याची मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८. घरच्या वह्या आणि शुक्रवारची मीटिंग धरली तर पन्नासच्या घरात जातं, पण घरी केलेल्या कामाची शाळेकडे नोंदच नसते आणि ‘आम्ही सांगितलं नव्हतं’ म्हणून शाळा मोकळी होते. वहीतून एकच गोष्ट ठणठणीत निघाली: सात ते साडेबारा सलग उभं राहणं. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम घेता येत नाही, मध्ये एकूण किमान तासाभराची विश्रांती द्यावी लागते. मधल्या सुट्टीत त्यांना मैदानावर पहारा होता, म्हणजे विश्रांती शून्य.

म्हणून मागण्या दोनच ठेवल्या. पगार, आणि मधली सुट्टी. दहा तक्रारींचं लांबलचक पत्र प्राचार्य वाचत नाहीत, त्यातली सगळ्यात कच्ची तक्रार पकडून बाकीच्या झटकतात. ईमेलचा मसुदा चार वेळा कापला. आधीच्यात ‘अत्यंत मानसिक त्रास’, ‘अन्याय’, ‘माझ्या लहान मुलीपासून दूर’ असं सगळं होतं. शेवटी राहिलं ते इतकंच: “ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पगार, प्रत्येकी ४,५०० दिरहम, आजपर्यंत माझ्या खात्यात जमा झालेला नाही. तो कोणत्या तारखेला जमा होईल, हे कृपया लेखी कळवावं. सोमवार ते गुरुवार मला सात ते साडेबारा सलग तास आणि मधल्या सुट्टीत मैदान ड्यूटी आहे. त्यात बदल करून विश्रांतीची वेळ ठरवून द्यावी.” मन मोकळं करायला समुपदेशनाची वेळ आहेच, ईमेल उद्या कोणा अधिकाऱ्यापुढे ठेवायचा कागद असतो.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या लोकांची इथे एक सवय घातक ठरते: मोबाइलवर गुपचूप रेकॉर्डिंग करणं. युएईत दुसऱ्याच्या संमतीविना संभाषण रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. शाळेचं नाव घेऊन फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिणंही अंगाशी येऊ शकतं. त्याऐवजी केबिनमधून बाहेर आल्यावर तासाभरात ईमेल: “आजच्या बोलण्यात आपण असं म्हणालात, माझा समज बरोबर आहे ना?” उत्तर आलं नाही तरी तारीख-वेळेसह नोंद राहते.

मैदान ड्यूटी आठवड्यात दोन दिवसांवर आली. पगाराची तारीख काही मिळाली नाही. देय तारखेनंतर १५ दिवसांत पगार जमा झाला नाही की मालक थकबाकीदार ठरतो, आणि पगार बँकेमार्फत सरकारी वेतन-संरक्षण यंत्रणेतून जात असल्याने मंत्रालयाला ते दिसतंच. ८००८४ या श्रम सल्ला क्रमांकावर विचारून घ्यायला सांगितलं. मंत्रालयाच्या ॲपवर पगार थकल्याची तक्रार नाव गुप्त ठेवूनही नोंदवता येते. वीस-पंचवीस जणांच्या स्टाफमध्ये तक्रार कोणाची याचा अंदाज सगळेच बांधतात, पण बहुतेकांचा पगार अडकलेला असला तर नक्की कोण ते सांगता येत नाही. नाव देऊन केलेल्या दाव्यात मंत्रालय आधी समेट घडवायला बघतं. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालयच निकाल देऊ शकतं, त्यावरचा कोर्टात जातो. पैशांच्या तक्रारीसाठी कोणावर आजन्म बंदी येत नाही.

एक वाट आणखी होती. मालकाने करार मोडला असेल तर मंत्रालयाला १४ कामाचे दिवस आधी कळवून, तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर नोटिशीशिवायही हक्क राखून नोकरी सोडता येते. बाईंनी ती घेतली नाही. सत्र डिसेंबरात संपत होतं, आठवीची प्रॅक्टिकल अर्धी राहिली होती, आणि अनुभवाचा दाखला त्यांना गोडीने हवा होता. निर्णय त्यांचा. १ नोव्हेंबरला ६० दिवसांची नोटीस दिली, त्याच आठवड्यात पगाराची तक्रारही.

घरी सांगणं याहून जड गेलं. नवऱ्याशी बोलायचा सराव आधी आमच्याकडे केला. सुरुवात “अहो, मला इथे जमत नाहीये” अशी होती. ती बदलून आकडे आधी ठेवले: किती थकलं, कधी मिळेल, जानेवारीचा हप्ता कुठून जाईल. सासूबाईंचं “लोक काय म्हणतील” अपेक्षेप्रमाणे आलंच. नवऱ्याने मात्र पहिला प्रश्न विचारला तो पगार किती थकला हा नव्हे, तर “तू जेवतेस का नीट?” असा. पुढचं बोलणं सोपं झालं.

ऑगस्ट-सप्टेंबरचा पगार नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकदम जमा झाला. झोप सुधारली ती त्यानंतर नव्हे, नोटीस दिली त्या आठवड्यापासून.

शेवटच्या पंधरवड्यात जे अडतं ते लिहून ठेवते. व्हिसा रद्द करण्याच्या अर्जावर ‘माझी सर्व देणी मिळाली’ असं वाक्य असतं. ऑफिस म्हणतं, आधी सही करा, पैसे उद्या. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय ती सही करायची नाही. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी चुकती करणं मालकावर बंधनकारक आहे. शेवटची रक्कम जमा होताच बँक कर्जाची किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असल्यास खातं गोठवू शकते, म्हणून कार्ड आधी बंद करून बाकी नसल्याचं पत्र घ्यायचं. नोटीस पूर्ण करून राजीनामा दिल्यावर परतीचं तिकीट कोणी काढायचं यावर वाद होतो. करारात तिकिटाचं कलम आहे का ते नोटीस देण्याआधीच वाचावं.

आणि बी.एड.चं प्रमाणपत्र. मंत्रालय-मुंबई, परराष्ट्र मंत्रालय, युएईची वकिलात असे शिक्के मूळ प्रतीच्या मागेच असतात, म्हणून मंजुरीच्या नावाखाली शाळा मूळ प्रत मागते आणि परत द्यायला विसरते. कर्मचाऱ्याची कागदपत्रं अडवून ठेवायला कायद्याने बंदी आहे, पासपोर्टसुद्धा. बाईंनी दोन ओळींचा ईमेल टाकला, तीन दिवसांनी आठवण केली, आणि तिसऱ्या वेळी दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रालाही (८०० ४६३४२, फोन फुकट) ईमेलची प्रत पाठवली. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र टेबलावर आलं. देताना पोचपावती मागणाऱ्या ऑफिसला त्यांनी पावती दिली, पण त्यावर ‘मूळ प्रत आज परत मिळाली’ एवढंच लिहिलं. छापील मजकुरातली ‘माझी शाळेकडे कोणतीही मागणी उरलेली नाही’ ही ओळ खोडून मग सही केली, कारण ग्रॅच्युइटीचे १,४०० अजून यायचे होते.