डिस्ट्रॉयर, फ्रिगेट, कॉर्व्हेट या युद्धनौकांत फरक काय? आणि भारतीय नौदल जहाजांची नावं कशी ठरवतं?

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईत एकाच दिवशी तीन नौका नौदलात दाखल झाल्या : सुरत, नीलगिरी आणि वाघशीर. नावावरूनच प्रकार कळतो. डिस्ट्रॉयरला शहराचं नाव, म्हणून सुरत. फ्रिगेटला बहुधा डोंगररांगेचं किंवा शिखराचं, म्हणून नीलगिरी (आपली सह्याद्रीही फ्रिगेटच). वाघशीर हा शिकारी मासा, म्हणजे पाणबुडी. 'तलवार', 'त्रिशूल' या मात्र शस्त्रांची नावं असलेल्या फ्रिगेट, तेव्हा नियम अगदी पक्का धरू नका.

आकाराने ढोबळमानाने डिस्ट्रॉयर सगळ्यात मोठी, मग फ्रिगेट, मग कॉर्व्हेट. पण नुसत्या वजनावर जाल तर फसाल. १९७२ ची जुनी नीलगिरी साधारण ३,००० टनांची होती, नवी त्याच्या दुपटीहून मोठी आहे, तरी दोन्ही फ्रिगेटच. सुरत सुमारे ७,४०० टनांची, म्हणजे नव्या नीलगिरीपेक्षा फार मोठी नाही. खरा फरक माऱ्यात दिसतो : सुरतवर १६ ब्रह्मोस क्षेपणास्त्रं, नीलगिरीवर ८. माझ्या मते जहाज कशासाठी बांधलंय आणि त्यावर काय बसवलंय, हेच आधी बघावं. प्रत्येक देशाचं नौदल आपापल्या सोयीने प्रकार ठरवतं, त्यामुळे एकाची फ्रिगेट दुसऱ्याकडे डिस्ट्रॉयर म्हणून खपू शकते.

'क्लास' म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांचा गट, त्याला सहसा पहिल्या जहाजाचं नाव मिळतं. म्हणून मुरगाव आणि सुरत 'विशाखापट्टणम क्लास'च्या.